नदीवर सांगितलेलं

९ मे

सकाळच्या नोंदीत अठ्ठावीस मिलिमीटर पाऊस. तो केंद्राच्या वहीत गेला. बाकीचं लिहायला ही वही घेतली आहे, कारण कोणाशी बोलायला लागले की माझा आवाज चढतो आणि मग मी मध्येच गप्प होते. मुईलाच्या विमानतळावर मी इतकी वर्षं पाऊस, वारा, ढग मोजते आहे. लोक म्हणतात, ओर्तांस फार शांत बाई आहे. मी शांत नाही. मला फक्त ओरडता येत नाही.

गेल्या सप्टेंबरात माझा धाकटा भाऊ प्लासिड मोंजो मामांच्या गावी, त्यांच्या मंदिरात, मेला. 'गेला' असं सगळे म्हणतात. कोबोलोच्या नशेच्या गोळ्या सुटाव्यात म्हणून त्याला तिथे लाकूड खायला बसवलं होतं. इबोगाच्या मुळाची साल, पण आमच्याकडे नुसतं लाकूडच म्हणतात. मामांच्या हातच्या लाकडाने पुष्कळांच्या गोळ्या सुटल्या आहेत, दारू सुटली आहे. हे खरं आहे, म्हणून लिहिते. प्लासिड मात्र उठला नाही.

आज मामांचा निरोप आला. दुखवटा ऑगस्टमध्ये उतरवायचा. त्या दिवशी सगळ्या घराण्यासमोर मामा सांगणार, प्लासिडला कोणी खाल्लं. आमच्याकडे तरणाताठा माणूस आपोआप मरत नाही. कोणीतरी करणी करून त्याला खाल्लेलं असतं, आणि त्याचं नाव घ्यावं लागतं.

मला नाव माहीत आहे. मोंजो.

१७ मे

फिलोमेन मावशी आली होती. आईची धाकटी बहीण. दर महिन्याला गावाहून धुरावलेली मासळी घेऊन येते, स्वयंपाकघरात स्टुलावर बसते आणि बोलत नाही. मंदिरात तीच प्लासिडची लाकडाची आई होती. म्हणजे ज्याला लाकूड द्यायचं त्याला नदीवर नेणारी, मनातलं सगळं वदवून घेणारी, न्हाऊ घालणारी, नंतर डोकं मांडीवर घेऊन बसणारी. एवढ्या वर्षांत तिने कितीतरी लोकांना असं जन्माला घातलं आहे. रस्त्यात म्हातारे बाप्येसुद्धा तिला 'आई' म्हणून हाक मारतात.

मी तिच्याशी नीट बोलले नाही. ती मामांच्या बाजूची आहे.

निघताना दारात थांबली. "ओर्तांस, ती गोळी घेतली की किती वेळ राहते गं अंगात?"

"मला काय माहीत? मी पाऊस मोजते."

"तसं नाही. तू शिकलेली, म्हणून विचारलं."

"आता विचारून काय उपयोग मावशी?"

ती गेली. मासळी चांगली होती. मी फेकून देणार होते, पण खाल्ली.

२ जून

पाऊस संपला. आकाश झाकलेलं, वारा नाही.

प्लासिडच्या बायकोकडे गेले होते. सोलांज उत्तरेची, ओयेमकडची, फांग जमातीची. लग्न झालं तेव्हापासून आमच्या घराण्यात तिला 'बाहेरची' म्हणतात. आता कुजबुज वाढली आहे. नवरा लाकडावर असताना ही मंदिरात गायला आली नाही. हिने रडताना केस सोडले नाहीत. ही त्याची भांडी लगेच घासून पालथी घालून मोकळी झाली. मामा तिचंच नाव घेणार हे आता बाजारातल्या बायकांनाही माहीत आहे. नाव घेतलं की तिला घर सोडावं लागेल. पोरांच्या मागे आयुष्यभर लागेल, यांच्या आईने बाप खाल्ला. शाळेत, बाजारात, सगळीकडे.

ती दारात केळी सोलत होती.

"तू काही बोलत का नाहीस?" मी म्हणाले. "तोंड आहे ना तुला?"

"आहे की. जेवते त्यानेच."

"सोलांज, ते तुला हाकलून देतील."

"देऊ देत. ओयेमला माझ्या आईचं घर आहे. गळतं, पण आहे."

"आणि खरं काय झालं ते?"

तिने सुरी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचलली. "ताई, तुम्ही भावाची आठवण चांगली ठेवा. बाकी जाऊ द्या."

मला तिचाही राग आला. अशी कशी ही बाई? स्वतःसाठी एक शब्द नाही. मामांना अशाच बायका हव्या असतात.

२१ जून

आज जे कळलं ते आजच लिहून ठेवते.

दुपारच्या विमानाने तीन गोरे उतरले. त्यांतली एक बाई, उंच, हाताला मण्यांची माळ, आमच्या खिडकीशी आली आणि विचारलं, इथे हृदयाचा आलेख कुठे काढतात? मला वाटलं तिला बरं नाही. मी पाणी दिलं. ती हसून म्हणाली, नाही नाही, आम्ही लाकूड घ्यायला आलो आहोत, मोंजो गुरूंकडे. गुरू फार काटेकोर आहेत. छातीला तारा लावून आलेख काढून आणल्याशिवाय मंदिरात पाऊल ठेवू देत नाहीत. आणि आधी किती दिवस कुठलं औषध घेतलेलं नाही तेही विचारतात. दोनदा विचारतात. ती म्हणाली, त्यामुळेच आम्हाला इतका विश्वास वाटतो.

मी तिला इस्पितळाचा रस्ता सांगितला. नीट सांगितला. डावीकडे, मग चर्चनंतर उजवीकडे.

नंतर मी उपकरणांच्या पिंजऱ्यामागे जाऊन उभी राहिले. तापमान लिहायचं राहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक रकाना कोरा गेला.

परक्यांच्या छातीला तारा. प्लासिडच्या छातीला काय लावलं होतं? पांढरी माती.

२४ जून

इस्पितळात त्या यंत्रावर बसणाऱ्या माणसाला विचारून आले. मोंजोंकडून येतात का लोक?

"येतात की. सगळे गोरे. आपला कोणी? आपली छाती कोण तपासतो बाई, आपली तर फुकटात धडधडते." आणि स्वतःच हसला.

मी हसले नाही, म्हणून त्याचंही हसू थांबलं.

२८ जून

गावी जाऊन आले. मामा नव्या पाहुणेघराच्या ओसरीवर बसले होते. शेजारच्या खोलीतून त्या गोऱ्या बाईचा खोकला ऐकू येत होता.

मी उभ्यानेच विचारलं. प्लासिडचा आलेख का काढला नाहीत?

मामा रागावले नाहीत, हेच मला सहन झालं नाही. मऊ आवाजात म्हणाले, "बस पोरी. उन्हातून आलीस."

"ऊन नाही. ढग आहेत."

"बरं, ढगातून आलीस." ते हसले. "हे बघ. गोऱ्यांना आई नाही, मामा नाही. नदीवर त्यांच्याकडून काय वदवून घ्यायचं? त्यांना बोलताच येत नाही, रडतात नुसते. म्हणून कागद मागतो. आपल्या माणसाला कागद कशाला? आपल्या माणसाला नदी आहे. प्लासिडला मी फिलोमेनबरोबर पाठवला. पोटात जे होतं ते त्याने तिथे ओतलं. ती परत आली आणि तिने हो म्हणून मान हलवली. मग मी लाकूड दिलं. माझ्या बापाने असंच दिलं, त्याच्या मामाने असंच."

"त्याने काय सांगितलं?"

"ते मला कसं माहीत असेल? ते नदीवरचं आहे." आता त्यांचा आवाज बदलला. "आणि तू मावशीला विचारू नकोस. ज्या आईने नदीवरचं बाहेर काढलं तिला मंदिर बंद. आणि तिने ज्यांना ज्यांना न्हाऊ घातलं त्या सगळ्यांचं लाकूड वाया. इतक्या लेकरांची आई आहे ती. कळलं?"

म्हणजे दोष कोणाचाच नाही. नदीचा.

मी निघाले. ओसरीखाली मावशी कसाव्याची पानं कुटत होती. तिने सगळं ऐकलं असणार. मुसळ हातात तसंच धरलं होतं, खाली आणत नव्हती. मी तिच्याकडे पाहिलंही नाही.

१३ जुलै

ठरवलं. मामा सोलांजचं नाव घेतील तेव्हा मी उठून त्यांचं घेईन. भाचीने मामाचं नाव सभेत घेणं, असं आमच्या घराण्यात कोणी केलेलं नाही. मामा म्हणजे आईच्या रक्ताचा धनी. माझं घर, माझं नाव, सगळं तिकडून आलेलं.

आरशासमोर बोलून पाहिलं. "मोंजो मामा, प्लासिडला तुम्ही खाल्लंत." पहिल्या वेळी आवाज आलाच नाही. दुसऱ्या वेळी इतका मोठा आला की शेजारणीने भिंत ठोकली.

पण एक शंका आहे, ती लिहून ठेवते. लाकडाने माणूस मरतो तो आधीच आजारी असला तर. प्लासिडला लहानपणी साधा हिवतापही कधी जोरात झाला नाही. मग काय झालं? मला माहीत नाही. माहीत नाही, आणि मी एका माणसाला खुनी म्हणायला निघाले आहे. तरीही म्हणणार. त्यांनी विचारायला हवं होतं.

९ ऑगस्ट

काल गावी आलो. सोलांज आणि पोरं माझ्याबरोबर. तिला अंगणाच्या कडेला, डुकरांच्या कुंपणाजवळची झोपडी दिली आहे. कोणी तिच्याकडून पाणी घेत नाही. तिने आल्या आल्या झाडू घेतला आणि झोपडी झाडली.

"इथे चार दिवसच राहायचंय," मी म्हणाले.

"म्हणून काय घाणीत राहू?"

मोठी पोरगी माझ्या मांडीवर येऊन बसली आणि विचारलं, "आत्या, आम्ही कोणाला खाल्लं?" मी तिला मासळीचा तुकडा दिला.

११ ऑगस्ट

उद्या सभा. काळं उतरवण्याआधी दुखवटा धरणाऱ्याला नदीवर जाऊन पोट रिकामं करावं लागतं. माझ्याबरोबर मावशीच येणार होती. मी दुसरी कोणी मागितली. बायका म्हणाल्या, "फिलोमेन असताना दुसरी कशाला? तिचा अपमान करतेस?"

सकाळी गेलो. पाणी गुडघ्यापर्यंत, थंड. मावशीने माझे खांदे धरले. म्हणाली, "बोल. सगळं."

बोलले. मी मामांना मनात किती वेळा मारलं ते. सोलांजला मनात मूर्ख म्हणते ते. मावशीने आणलेली मासळी फेकून द्यावीशी वाटते, तेसुद्धा. सगळं तिच्या तोंडावर बोलले. उद्या मी काय करणार आहे तेही. माझा आवाज चढला आणि या वेळी मी गप्प झाले नाही. पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायका उठून निघून गेल्या.

मग मावशीने मान हलवायची, माझ्या डोक्यावर पाणी ओतायचं आणि आम्ही परतायचं. ती हलली नाही.

"मान हलव ना मावशी. पाय बधिर झाले."

"ही मान गेल्या वर्षी प्लासिडसाठीही हलवली," ती म्हणाली.

मला वाटलं तिला चक्कर येते आहे.

"सकाळीच घेतल्या होत्या त्याने. त्या लाल गोळ्या. अंग कापत होतं, रस्त्यात उभं राहवेना. म्हणाला, मावशी, या शेवटच्या. मामांना सांगू नकोस, परत पाठवतील. मी म्हटलं, मी कशाला सांगू? तू नदीला सांगितलंस, नदीने नेलं." तिने पाण्याकडे पाहिलं. "मला खरंच वाटलं गं, नदीने नेलं. पोटातलंसुद्धा. आजवर जे कोणी इथे बोललं ते गेलंच की. दारू गेली, चोऱ्या गेल्या, एकाने तर भावाला मारलं होतं, तेही गेलं. गोळी जात नाही, वर लाकूड पडलं की जीव घेते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी वर गेले आणि मान हलवली."

मी तिच्या तोंडावर पाणी मारलं. दोन्ही हातांनी. पुन्हा पुन्हा, लहान पोरासारखं. ती तशीच उभी राहिली. चेहऱ्यावरची पांढरी माती ओघळून छातीवर आली. तिने डोळेही मिटले नाहीत.

हात दुखायला लागले तेव्हा मी थांबले. ती म्हणाली, "आता सांग सगळ्यांना. मला मंदिर बंद झालं तर होऊ दे."

आणि मग लक्षात आलं. मी सांगू शकत नाही. हे मी नदीवर ऐकलं आहे. आता तेच कुलूप माझ्या तोंडाला. मी बोलले तर तिच्या सगळ्या लेकरांचं लाकूड वाया जाईल, म्हातारे लोक ढसाढसा रडतील. मी गप्प बसले तर उद्या सोलांज. मोंजोचं नाव घेतलं तर ते खोटं. पूर्ण खोटं नाही, पण खोटं.

संध्याकाळपासून अंगणात हे लिहीत बसले आहे. बायका केळीच्या पानात कसाव्याच्या कांड्या बांधत आहेत, हसत आहेत. सगळ्यांचा राग येतो आहे. केळीच्या पानांचासुद्धा.

१२ ऑगस्ट

झालं.

दुपारी मंदिरासमोर सगळे बसले. मामा लाल पट्टा बांधून, हातात चवरी घेऊन उभे. पाहुणेघराच्या ओसरीवर अजून मुक्कामाला असलेले गोरे पाहुणेही बसले होते, त्यांना कोणीतरी हळू आवाजात समजावून सांगत होतं. मामांनी सुरुवात केली. आमच्या घरात बाहेरून एक बाई आली. आम्ही तिला घास दिला. तिने काय दिलं? सोलांज मागे पोरांना घेऊन बसली होती. धाकट्याच्या नाकातला शेंबूड पुसत होती.

मी उठले.

"प्लासिडने त्या सकाळी गोळ्या खाल्ल्या होत्या."

चवरी थांबली. "कोणी सांगितलं?"

मी मावशीकडे पाहिलं नाही. "त्यानेच. माझ्या घरी. इकडे यायला निघण्याआधी."

"आणि तू?"

"मी कोणाला सांगितलं नाही."

एकदम गलका झाला. एक चुलत मामी ओरडली, "शिकलेली ना ही! थेंब थेंब पाऊस मोजते, भाऊ नाही मोजता आला!" कोणीतरी थुंकलं. एक म्हातारा म्हणत राहिला, "सख्खी बहीण, सख्खी बहीण."

मामांचा चेहरा मी बघत होते. त्यावर काय होतं ते मला लिहून ठेवायचं आहे. सुटका होती. ते ओसरीकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, "ऐकलंत? लाकूड निर्दोष आहे. माझे हात निर्दोष आहेत."

तेव्हा मला ओरडता आलं.

"थांबा मामा! अजून बसले नाही मी. त्या बाईला तुम्ही दोनदा विचारता, गोळी कधी घेतली. तिची छाती तारा लावून बघता. प्लासिडला किती वेळा विचारलंत? सांगा ना. एकदा? तोंडाने, स्वतः, मामा म्हणून?"

"आपल्यात ते नदीवर..."

"नदी काय करणार? नदीवर तुम्ही नव्हता! तुम्हाला ऐकायचंच नसतं. तुम्हाला फक्त हललेली मान हवी असते. मान हलली की तुम्ही मोकळे. मी लपवलं, हो. पण विचारलं कोणीच नाही. परक्या बाईएवढीसुद्धा चौकशी झाली नाही माझ्या भावाची. तिला काही झालं तर तिच्या देशाला कागद दाखवावा लागेल म्हणून विचारता. प्लासिडसाठी कोणाला काय दाखवायचं होतं?"

मामांनी एकदा मावशीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग जमिनीकडे. ओसरीवर समजावून सांगणारा थांबला होता आणि ती उंच बाई त्याचा दंड हलवून विचारत होती, काय म्हणाली, काय म्हणाली ती?

सगळ्यांत म्हाताऱ्याने निवाडा दिला. प्लासिडला बाहेरच्या कोणी खाल्लं नाही. जिने हे मनात ठेवून घेतलं तिचा दुखवटा आज उतरणार नाही, पुढच्या कोरड्या ऋतूपर्यंत ती काळ्यातच राहील, आणि तोवर मंदिराच्या अंगणात येणार नाही. बायकांनी सोलांजला नेलं, न्हाऊ घातलं, फुलाफुलांचं नवं कापड नेसवलं. न्हाऊ घालणारी मावशीच होती. मी कुंपणाबाहेरून पाहिलं.

१३ ऑगस्ट

मुईलाला परत. गाडीच्या टपावर कोंबड्या, आत आम्ही. पोरं झोपली होती. नव्या कापडात सोलांज अगदीच पोरसवदा दिसत होती. अर्ध्या रस्त्यात ती म्हणाली, "ताई, तुम्ही काल खोटं बोललात."

"गप्प बस."

"तुम्हाला काही माहीत नव्हतं. तो तुमच्याच तर भीतीने लपवायचा."

मी तिच्याकडे पाहिलं.

"त्या सकाळी चुलीपाशी बसून घेतल्या त्याने. मी हात धरला. म्हणाला, ताईला कळलं तर ती बोलणार नाही, नुसती बघेल. तिचं ते बघणं मला नको. पोरांची शपथ घातली मला."

"म्हणून वर्षभर गप्प राहिलीस? ते तुला हाकलणार होते!"

"पोरांची शपथ होती, ताई."

गाडी खड्ड्यातून गेली. कोंबड्या ओरडल्या. ड्रायव्हरने शिवी दिली. धाकटा जागा झाला आणि तिने त्याला थोपटलं.

मला वाटत होतं, माझा सगळा राग काल बोलून झाला. तो झाला नव्हता. एवढे महिने तो मी मामांना दिला, मावशीला दिला, हिला दिला. खऱ्या माणसापाशी कधी नेलाच नाही. प्लासिड, तुला माझ्या नुसत्या बघण्याची भीती वाटली? मी काय केलं असतं? बसले असते तुझ्याजवळ. अंग कापत होतं तर धरलं असतं. चार दिवस थांबून मग नेलं असतं. तू तीन बायकांच्या तोंडाला कुलपं लावलीस आणि आरामात झोपून गेलास. गाढवा. मूर्खा. माझ्या धाकट्या भावा.

हे मी गाडीत मोठ्याने बोलले असणार, कारण सगळे वळून पाहायला लागले. सोलांजने झोपलेलं पोर माझ्या मांडीवर सरकवलं आणि म्हणाली, "बोला ताई, बोला. अजून बराच रस्ता आहे."